वेब दुर्बिणीचं निअरस्पेक रोज कसं चालतं आणि त्याचं कॅलिब्रेशन कसं होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची बातमी आली की वाचकांचे प्रश्न येतात, आणि त्यातला बहुतेकांचा रोख एकच असतो: ‘इतक्या लांबून हे त्यांना कळतं तरी कसं?’ उत्तर बऱ्याचदा निअरस्पेक या अवरक्त वर्णपटमापकापाशी जाऊन थांबतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. निअरस्पेक म्हणजे नेमकं काय? वेब तर फोटो काढते ना?

आपण पाहतो ते बरेचसे फोटो निअरकॅम या कॅमेऱ्याचे असतात. निअरस्पेक प्रकाश फोडून त्याचा वर्णपट घेतं: ०.६ ते ५.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पट्ट्यात कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश आला, हे मोजतं. उपकरण युरोपियन अवकाश संस्थेचं. जर्मनीत ओटोब्रुनला एअरबसने बांधलेलं. आतले डिटेक्टर आणि मायक्रोशटर (उघडमीट होणाऱ्या सूक्ष्म झडपा) मात्र नासाच्या गोडार्ड केंद्राने दिलेले.

प्रकाश फोडायला एक प्रिझम आणि सहा ग्रेटिंग (बारीक रेघांच्या जाळ्या) आहेत. प्रिझमची विभेदनक्षमता सुमारे १००, ग्रेटिंगची सुमारे १००० किंवा २७००. विभेदनक्षमता २७०० असली तर २.७ मायक्रॉनपाशी मायक्रॉनच्या हजाराव्या भागाइतका फरक वेगळा दिसतो. २०२२ साली वास्प-३९बी या परग्रहाच्या वातावरणात ४.३ मायक्रॉनपाशी कार्बन डायऑक्साइडची खूण मिळाली, ती याच उपकरणाच्या प्रिझमने. ५ मायक्रॉनच्या पलीकडचं काम मिरी हे वेबवरचं दुसरं उपकरण करतं (प्रश्न ११).

२. हे सगळं इतकं थंड का ठेवावं लागतं?

कारण कोमट वस्तू स्वतःच अवरक्तात चमकते. दुर्बीण गरम असती तर तिचाच उजेड तिच्या डिटेक्टरवर पडला असता. म्हणून वेब पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल-२ बिंदूभोवती फिरते आणि पाच थरांच्या सौरकवचाच्या सावलीत राहते. निअरस्पेकचे डिटेक्टर सुमारे ४३ केल्विनला, म्हणजे उणे २३० अंश सेल्सिअसला काम करतात. थंडी जितकी महत्त्वाची तितकीच स्थिरताही. डिटेक्टरचं तापमान हललं की त्याचं वागणं बदलतं आणि आधी केलेलं कॅलिब्रेशन लागू पडत नाही. म्हणून तापमान एकाच आकड्यावर धरून ठेवलं जातं. मिरीला तर ७ केल्विनच्याही खाली जावं लागतं. त्यासाठी त्याला स्वतंत्र क्रायोकूलर, म्हणजे शीतक यंत्र, दिला आहे.

३. दुर्बीण कोण चालवतं? कंट्रोल रूममधून कोणी सतत ती फिरवत असतं का?

नाही. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये निरीक्षणांचा आराखडा तयार होतो, वर पाठवला जातो आणि दुर्बीण तो आपला आपण पार पाडते. एक काम संपलं की पुढचं सुरू. एखाद्या ठिकाणी मार्गदर्शक तारा, म्हणजे रोख स्थिर ठेवायला धरलेला तारा, सापडला नाही, तर ती तिथे अडून न बसता पुढच्या निरीक्षणाकडे वळते. गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या डीप स्पेस नेटवर्कच्या अँटेनांशी संपर्क दिवसातून ठरावीक वेळीच असतो. त्या वेळात साठवलेला डेटा खाली येतो आणि नवे आदेश वर जातात.

४. निअरस्पेकचं एक निरीक्षण सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं होतं?

समजा एका पट्ट्यातल्या शंभर दूरस्थ दीर्घिकांचे वर्णपट एकदम हवे आहेत. दुर्बीण तिकडे वळते आणि मार्गदर्शक ताऱ्यावर स्थिर होते. मग ग्रेटिंगच्या चाकावरचा साधा आरसा समोर आणून त्या भागातल्या काही संदर्भ ताऱ्यांची छोटी प्रतिमा घेतली जाते. ते तारे अपेक्षेपेक्षा किती सरकलेले आहेत, हे दुर्बिणीवरचाच संगणक मोजतो आणि रोख किंचित सुधारतो. यानंतर मायक्रोशटरची जाळी मांडली जाते. अडीच लाखांच्या आसपास शटरं आहेत, चार चौकटींत, प्रत्येकीत ३६५ गुणिले १७१. एक चुंबकी पट्टी जाळीवरून सरकते तशी सगळी शटरं उघडतात. जी उघडी हवीत ती विद्युत दाबाने धरून ठेवली जातात आणि बाकीची पट्टी परतताना मिटतात. मग फिल्टर आणि ग्रेटिंग जागेवर येतात आणि एक्सपोजर सुरू होतं.

सहसा एका दीर्घिकेसाठी ओळीतली तीन शटरं उघडतात. दुर्बीण थोडी थोडी हलवून दीर्घिका आळीपाळीने तिन्हींत आणली जाते, म्हणजे उरलेल्या दोन शटरांमधून तिथल्याच आकाशाची पार्श्वभूमी मिळते.

नव्याने काम करणाऱ्यांना एक गोष्ट हमखास चकवते. सौरकवचाची बाजू सूर्याकडे ठेवावीच लागत असल्यामुळे दुर्बीण आकाशाकडे कोणत्या कोनात झुकलेली असेल, हे तारखेवर ठरतं. तारीख बदलली की कोन बदलतो आणि शटरांची सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

५. काही शटरं बिघडली आहेत असं वाचलं. मग डेटावर विश्वास ठेवायचा का?

ठेवायचा, पण कोणतं शटर कसं वागतं याची यादी हाताशी ठेवून. कायमची मिटलेली शटरं हजारोंत आहेत. ती फक्त वापरता येत नाहीत. कायमची उघडी राहिलेली मोजकीच आहेत आणि त्रास त्यांचाच अधिक, कारण त्यांतून नको तो प्रकाश आत शिरून भलत्याच वर्णपटावर पडतो. निरीक्षण आखतानाच ही यादी विचारात घेतली जाते. अधूनमधून जाळीत शॉर्ट सर्किटही होतं. ती जागा तापते आणि अवरक्तात चमकते, तेव्हा संबंधित ओळी किंवा स्तंभ वापरातून काढून टाकतात.

शटर मिटलेलं असलं तरी ते शंभर टक्के अपारदर्शक नसतं. आकाशातला ३ गुणिले ३ कोनीय सेकंदांचा (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चौकोन तीस पट्ट्यांत कापणारा जो भाग आहे (आयएफयू), त्याच्या निरीक्षणांत ही गळती जाणवते. तिथे आयएफयूचं तोंड झाकून, सगळी शटरं मिटवून एक जादा एक्सपोजर घेता येतं आणि गळती वजा करता येते. आसपास तेजस्वी तारे असतील तर हा वेळ वाचवायला जाऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

६. कॅलिब्रेशनमध्ये नक्की काय काय येतं?

डिटेक्टर आपल्याला फक्त आकडे देतो. ‘या पिक्सेलमध्ये इतके’ एवढंच. त्या आकड्याला तरंगलांबी आणि तेजस्विता जोडून देणं म्हणजे कॅलिब्रेशन. पहिलं काम अंधाराचं: प्रकाश बंद असतानाही पिक्सेलमध्ये थोडा विद्युतभार साठतो, तो मोजून वजा करायचा. अशी डार्क एक्सपोजरं दुसरं उपकरण आकाश बघत असतानाही घेता येतात, त्यामुळे दुर्बिणीचा वेळ वाया जात नाही. मग फ्लॅट, म्हणजे कोणता पिक्सेल आणि कोणती तरंगलांबी किती संवेदनशील हे ठरवणं (प्रश्न ७). तरंगलांबीची जुळणी हा स्वतंत्र विषय आहे (प्रश्न ८). शेवटी तेजस्वितेची मोजपट्टी, ज्यासाठी आकाशातलेच तारे लागतात. काही कामं ठरावीक काळाने, काही गरज पडली तर. एकदा करून सोडून देण्यासारखं यातलं काहीच नाही.

७. आत दिवे आहेत, मग ताऱ्यांकडे बघून कॅलिब्रेशन कशाला?

निअरस्पेकच्या आत कॅलिब्रेशनची एक पेटी आहे. त्यात पाच फ्लॅट दिवे, चार रेषा दाखवणारे दिवे आणि एक संदर्भ दिवा आहे. फिल्टरच्या चाकावर एक बंद जागा आहे. तिच्या मागच्या बाजूला आरसा आहे, आणि दिव्याचा प्रकाश त्या आरशावरून परावर्तित होऊन पुढे जातो. याचा अर्थ दिव्याचा प्रकाश साडेसहा मीटरच्या मुख्य आरशाला शिवतच नाही. मुख्य आरशात आणि फिल्टरमध्ये जे होतं ते दिव्यांना दिसत नाही.

म्हणून फ्लॅटचे तीन तुकडे केले आहेत: एक डिटेक्टरचा, एक वर्णपटमापकाचा आणि एक पुढच्या प्रकाशमार्गाचा, ज्यात मुख्य आरसाही आला. पहिला जमिनीवरच्या चाचण्यांवर बराच अवलंबून आहे, दुसऱ्याला दिवे उपयोगी पडतात, तिसऱ्याला तारेच लागतात. वेबसाठी तीन जातींचे तारे वापरतात: जी१९१-बी२बी आणि जीडी १५३ सारखे तप्त श्वेतबटू, ए प्रकारचे तारे आणि पी३३०ई सारखे सूर्यासारखे तारे. तिन्हींची सैद्धांतिक मॉडेलं वेगवेगळ्या भौतिकीवर उभी आहेत, त्यामुळे एकात चूक असली तर ती बाकीच्या दोघांशी न जुळून उघडी पडते. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते.

८. ग्रेटिंगचं चाक परत त्याच जागी येत नाही, असं ऐकलं. मग तरंगलांबी बरोबर कशी येते?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे.

चाकावर आठ जागा आहेत: सहा ग्रेटिंग, एक प्रिझम आणि एक आरसा. चाक फिरून पुन्हा त्याच ग्रेटिंगवर आलं तरी ते अगदी पूर्वीच्याच कोनात थांबेल याची हमी नसते. फरक अतिशय बारीक असतो, पण ग्रेटिंग किंचित कलली तरी सगळा वर्णपट डिटेक्टरवर सरकतो. काल एक रेषा ज्या पिक्सेलवर होती तिथून ती आज हललेली असते. साध्या पद्धतीने गेलो असतो तर प्रत्येक एक्सपोजरनंतर दिवा लावून तरंगलांबी मोजावी लागली असती आणि बहुमोल वेळ दिव्यांवरच गेला असता.

निअरस्पेकच्या अभियंत्यांनी चाकावर चुंबकीय संवेदक बसवले. चाक थांबलं की ते दोन अक्षांमधला कल मोजतात आणि ते आकडे प्रत्येक फाइलच्या हेडरमध्ये नोंदले जातात. दुसऱ्या बाजूला संपूर्ण उपकरणाचं गणिती मॉडेल आहे: आरसे, फटी, शटरं, ग्रेटिंग, डिटेक्टर, प्रत्येकाची जागा आणि कोन त्यात आहे. मोजलेला कल या मॉडेलमध्ये घातला की त्या एक्सपोजरपुरतं प्रत्येक पिक्सेल कोणत्या तरंगलांबीचा, याचा नकाशा तयार होतो. म्हणजे चाकाला तंतोतंत जागेवर आणण्याचा हट्ट सोडला आणि ते कुठे थांबलं आहे हे नीट मोजलं. पूर्ण मोहिमेची अचूकता या निर्णयावर उभी आहे असं माझं मत आहे.

संवेदकांचं वाचन आणि प्रत्यक्ष कल यांचं नातं तपासायला रेषा दाखवणारे दिवे लागतात. शिवाय आकाशातून पडताळणी होते. लार्ज मॅगेलनिक क्लाउड या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतली एसएमपी एलएमसी ५८ ही प्लॅनेटरी नेब्युला (मरणाऱ्या ताऱ्याने फेकलेलं वायूचं कवच) त्यासाठी वापरली आहे, कारण तिच्या उत्सर्जन रेषांच्या तरंगलांब्या नीट ठाऊक आहेत. वेबला सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच बघता येतं; पण हा मॅगेलनिक मेघ क्रांतिवृत्ताच्या दक्षिण ध्रुवाजवळ असल्याने तो वर्षभर त्या पट्ट्यात असतो. कॅलिब्रेशनची गरज कधीही पडो, तो हजर. ज्यांना तरंगलांबीची फारच बारीक खात्री हवी आहे, ते चाक न हलवता विज्ञानाच्या एक्सपोजरपाठोपाठ दिव्याचं एक्सपोजरही मागू शकतात.

९. एकाच एक्सपोजरमध्ये डिटेक्टर पुन्हा पुन्हा का वाचतात?

या डिटेक्टरमधला विद्युतभार पुसून न टाकता वाचता येतो. साध्या पद्धतीत पूर्ण चौकट सुमारे १०.७ सेकंदांनी वाचली जाते, सुधारित पद्धतीत सुमारे १४.६ सेकंदांनी. भार वाढत जातो, त्याची चढती रेषा मिळते आणि त्या रेषेचा उतार म्हणजे प्रकाशाचा दर. मधेच वैश्विक किरण धडकला तर रेषेत एकदम उडी दिसते. उडीच्या आधीचा आणि नंतरचा भाग वेगवेगळा वापरून पिक्सेल वाचवता येतो. कधीकधी मोठे, गोल डाग पडतात. त्यांना ‘स्नोबॉल’ म्हणतात आणि ते ओळखायला वेगळी पायरी ठेवावी लागते.

सुधारित पद्धतीत वाचन चालू असतानाच मधूनमधून प्रकाशाला दाद न देणारे संदर्भ पिक्सेल वाचतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्समधला हळूहळू हलणारा गोंगाट, जो प्रतिमेत पट्ट्यांसारखा दिसतो, बराच वजा होतो. फार अंधुक दीर्घिकांसाठी ही पद्धत जवळपास अपरिहार्य आहे. उलट तेजस्वी ताऱ्याने पिक्सेल भरून गेला की उताराचा सुरुवातीचाच तुकडा कामाचा उरतो. वास्प-३९बीच्या प्रिझमच्या निरीक्षणात लघु तरंगलांबीकडचा काही भाग असाच भरून गेला होता.

१०. वर्णपटात ऋण आकडे दिसतात. काही बिघडलं आहे का?

बहुधा नाही. तीन शटरांची आळीपाळी (प्रश्न ४) वजा करताना प्रत्येक वस्तूच्या बाजूला तिचीच ऋण सावली उमटते. ती अपेक्षित आहे. पण दीर्घिका पसरलेली असेल, किंवा शेजारच्या शटरमध्ये दुसरीच वस्तू बसली असेल, तर वजाबाकीत खरा प्रकाशही कापला जातो. अशा वेळी ठरलेली वजाबाकी बंद करून पार्श्वभूमी हाताने निवडावी.

दुसरा मुद्दा शटरबाहेर जाणाऱ्या प्रकाशाचा. एका शटरचं तोंड आकाशात जेमतेम ०.२ कोनीय सेकंद रुंद, आणि तरंगलांबी वाढते तसा ताऱ्याचा ठिपका पसरतो. पाइपलाइन, म्हणजे कच्च्या डेटावर प्रक्रिया करणारी प्रणाली (प्रश्न १२), याची भरपाई करते, पण ती वस्तू बिंदूसारखी आहे की शटर समान भरलेलं आहे, या दोन टोकांच्या गृहीतकांवर. मधल्या आकाराच्या दीर्घिकांसाठी फोटोंमधल्या तेजस्वितेशी ताडून पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

११. मिरीचं कॅलिब्रेशन वेगळं का?

मिरीच्या मध्यम विभेदनाच्या वर्णपटमापकाचा पट्टा सुमारे ४.९ ते २७.९ मायक्रॉन. इथले डिटेक्टर वेगळ्या जातीचे, सिलिकॉन-आर्सेनिकचे. डिटेक्टरच्या थरांमध्ये प्रकाश मागेपुढे परावर्तित होतो आणि वर्णपटावर लाटा उमटतात, त्यांना फ्रिंज म्हणतात. गंमत अशी की बिंदूसारख्या ताऱ्याच्या फ्रिंज आणि पसरलेल्या ढगाच्या फ्रिंज सारख्या नसतात. त्यामुळे एकच फ्रिंज-फ्लॅट सगळ्यांना पुरत नाही. उरलेल्या लाटांसाठी आणखी एक दुरुस्ती चालवावी लागते. ती चालवताना लाट समजून रेणूंची खरी खूणच पुसली जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावं.

२४ ऑगस्ट २०२२ रोजी याच वर्णपटमापकाच्या ग्रेटिंग-चाकात जादा घर्षण आढळलं. कारण तपासून वापराच्या नव्या सूचना ठरेपर्यंत तो भाग थांबवला गेला आणि १२ नोव्हेंबर २०२२ला पुन्हा सुरू झाला. पुढे २०२३मध्ये सर्वांत लांब तरंगलांब्यांकडे मिळणारा संकेत कालांतराने कमी होत असल्याचं लक्षात आलं. आता निरीक्षणाच्या तारखेप्रमाणे बदलणारी दुरुस्ती केली जाते. प्रमाण ताऱ्यांकडे नियमित बघत राहिल्याशिवाय असा हळू बदल पकडता आला नसता.

१२. तोच डेटा वर्षभराने पुन्हा उतरवला तर आकडे बदलले. कोणता खरा?

नवा, बहुतेक वेळा. आकाशातून आलेला कच्चा डेटा बदलत नाही. पाइपलाइन तीन टप्प्यांत काम करते: आधी चढत्या रेषांवरून दर काढणं, मग प्रत्येक एक्सपोजरला तरंगलांबी आणि तेजस्विता जोडणं, शेवटी सगळी एक्सपोजरं एकत्र करणं. प्रत्येक टप्प्यात डार्क, फ्लॅट वगैरे संदर्भ-फाइली लागतात, आणि त्या सुधारत जातात. कोड पायथॉनमधला आणि खुला आहे. लेखात किंवा प्रकल्पात पाइपलाइनची आवृत्ती आणि संदर्भ-फाइलींच्या संचाचा क्रमांक लिहाच. दोन दीर्घिकांची तुलना करायची असेल तर दोन्हींवर एकाच आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया करा.

१३. वर्णपटात मधेच काही भाग गायब का असतो?

निअरस्पेकचे डिटेक्टर दोन, प्रत्येकी २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचे, आणि मध्ये फट. विभेदन २७०० असेल तर वर्णपट इतका लांब पसरतो की काही तरंगलांब्या त्या फटीत पडतात. शटरांच्या बाबतीत कोणत्या तरंगलांब्या गमावल्या जातील हे शटरच्या जागेवर अवलंबून असतं. शटरांऐवजी प्रकाश आत घेणाऱ्या ज्या कायमच्या चिरा (स्लिट) आहेत, त्यांपैकी एस२००ए१ आणि एस२००ए२ या दोन्हींतून निरीक्षण केलं की रिकामी जागा भरून निघते. आयएफयूमध्ये मात्र दुर्बीण कितीही हलवली तरी ती भरत नाही. तुमची महत्त्वाची रेषा तिथेच पडणार असेल तर ग्रेटिंग बदलावं.

१४. माझी रेषा पाठ्यपुस्तकातल्या जागेवर नाही. कॅलिब्रेशन चुकलं?

आधी दोन गोष्टी तपासा. वेबच्या तरंगलांब्या निर्वातातल्या असतात, जुन्या तक्त्यांत हवेतल्या असू शकतात. दुसरं, वेब पृथ्वीबरोबर सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. पाइपलाइन सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याच्या संदर्भात दुरुस्ती करते. तीच दुरुस्ती हाताने पुन्हा केली की ती दोनदा लागते. विभेदन २७०० म्हणजे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर, त्यामुळे ३०चा फरक स्वच्छ रेषेत कळतो.

१५. कॅलिब्रेशन बरोबर असेल तर जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लांब तरंगलांबीकडे किती सरकला याचं माप) १४.३२ वरून १४.१८ कशी झाली?

कारण निअरस्पेकच्या प्रिझमने जे मोजलं ती एखादी ठसठशीत रेषा नव्हती. तो हायड्रोजनमुळे प्रकाश अचानक तुटण्याचा कडा होता. दीर्घिकेच्या आत-बाहेरचा उदासीन हायड्रोजन हा कडा लांब तरंगलांबीकडे ढकलतो, मऊ करतो आणि ताम्रसृती थोडी जास्त भासते. नंतर चिलीतल्या अल्मा दुर्बिणींना ऑक्सिजनची धारदार रेषा मिळाली आणि १४.१८ हा आकडा आला. तो आधीच्या मोजमापाच्या त्रुटिमर्यादेतच होता. म्हणून बातमीतला आकडा वाचताना शेजारची त्रुटिमर्यादा वाचावी, आणि तो रेषेवरून आला की कड्यावरून, हेही.

१६. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा डेटा मिळतो का?

मिळतो, आणि मोफत. ज्यांचं निरीक्षण त्यांना बहुधा १२ महिने राखीव वेळ असतो. नंतर, आणि काही प्रकल्पांत लगेच, डेटा मास्ट या संग्रहात सर्वांसाठी खुला होतो. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी वेबच्या अशाच खुल्या प्रतिमांमधून ‘अलकनंदा’ ही दूरस्थ सर्पिल दीर्घिका शोधली. तिची ताम्रसृती सुमारे ४ आहे.

सुरुवात करायची असेल तर एखाद्या तेजस्वी प्लॅनेटरी नेब्युलाचा आयएफयू डेटा घ्या. आधी तयार वर्णपटातल्या रेषा ओळखा, मग कच्च्या फाइलीपासून पाइपलाइन स्वतः चालवून तेच उत्तर येतं का बघा. साध्या लॅपटॉपवर मेमरी कमी पडली तर एकाच एक्सपोजरपासून सुरू करा.